विश्लेषण : कुस्ती बाहेर, गोळ्यांचा खेळ आत! काय आहे ‘लॉन बोल्स’? मिरज-सांगलीने त्याकडे का पाहावे?

ग्लासगो येथे २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६ या काळात होणाऱ्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत फक्त दहा खेळ आहेत. कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, नेमबाजी, टेबल टेनिस, क्रिकेट यांना त्यात जागा मिळालेली नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे भारताच्या बाराही मल्लांनी पदके आणली होती. त्यामुळे तालमींच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात या यादीवर नाराजी असणे स्वाभाविक आहे. या दहा खेळांमध्ये आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेला एक खेळ मात्र टिकून आहे, तो म्हणजे लॉन बोल्स. २०३० च्या अहमदाबाद स्पर्धेसाठी जे खेळ आधीच निश्चित झाले, त्यातही तो आहे. उरलेल्या जागांसाठी विचारात असलेल्या खेळांच्या यादीत कुस्तीचे नाव आहे. कधी काळी कठीण लाकडाच्या गोळ्यांनी खेळला जाणारा हा खेळ नेमका काय आहे, ते लाकडी गोळे कुठे गेले आणि मिरज-सांगलीचा त्याच्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

खेळ आहे तरी काय?

ज्याने लहानपणी गोट्या खेळल्या, त्याला हा खेळ दोन मिनिटांत समजतो. ‘जॅक’ नावाचा छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू आधी सोडला जातो. त्यानंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू आळीपाळीने आपापले मोठे गोळे जमिनीवरून त्याच्या दिशेने घरंगळत सोडतात. सगळे गोळे संपले की ज्याचा गोळा जॅकच्या सर्वात जवळ, त्याला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वात जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जॅकच्या अधिक जवळ, तितके गुण मिळतात. अशा एका फेरीला ‘एंड’ म्हणतात.

मैदानाची लांबी साधारण ३१ ते ४० मीटर असते आणि त्यावर चार ते सहा मीटर रुंदीच्या पट्ट्या आखलेल्या असतात. खेळाडू एका छोट्या चटईवर उभा राहून गोळा सोडतो. जॅक किमान २३ मीटर अंतरावर असावा लागतो. एकेरीत प्रत्येकाकडे चार गोळे असतात. चौघांच्या संघात प्रत्येकाकडे दोन. संघातील शेवटचा खेळाडू ‘स्किप’, म्हणजे कप्तान. कुठला गोळा कुठे टाकायचा, प्रतिस्पर्ध्याचा गोळा उडवायचा की आपल्या गोळ्याने वाट अडवायची, हे तो ठरवतो. दमसासापेक्षा अंदाज, हाताचा ताबा आणि शांत डोके यांची कसोटी येथे लागते.

गोळा सरळ का जात नाही?

खेळाची खरी मेख येथे आहे. बोल्सचा गोळा पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित वेगळी घडवलेली असते, त्यामुळे भार धावरेषेच्या जरा एका बाजूला पडतो. वेगात असताना गोळा जवळपास सरळ धावतो. वेग मंदावला की फिरता भोवरा कलावा तसा तो कलतो आणि शेवटच्या काही मीटरांत चांगलाच वळतो. या वळणाला ‘बायस’ म्हणतात. गोळ्याच्या दोन बाजूंवर लहान आणि मोठी अशा खुणा असतात. लहान खूण ज्या बाजूला, त्या बाजूला गोळा वळणार. खेळाडू म्हणूनच जॅकवर नेम न धरता त्याच्या बऱ्याच बाजूला नेम धरतो.

एके काळी गोळ्याच्या एका बाजूला शिसे भरून हे वळण आणले जाई. पुढे ती पद्धत बंद झाली. आता गोळ्यात कुठेही वेगळे वजन नसते. सगळी करामत पृष्ठभागाच्या घडणीची असते.

मिरजेच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना कारागीर तिच्या पृष्ठभागाला कानशीने किंचित उतार देतो. डोळ्यांना तो फरक जेमतेम दिसतो, पण तार बोलते ती त्यानेच. बोल्सच्या गोळ्याचेही तसेच आहे. केसभर फरकाने घडवलेली वक्रता त्याची चाल ठरवते.

लाकडाचेच गोळे का होते?

या खेळासाठी ‘लिग्नम व्हिटे’ नावाचे लाकूड वापरले जाई. कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडच्या भागात वाढणाऱ्या ग्वायकम जातीच्या झाडांचे हे लाकूड. जमैकाचे राष्ट्रीय फूल याच झाडाचे. लॅटिन नावाचा अर्थ ‘जीवनाचे लाकूड’, कारण सोळाव्या शतकात युरोपात त्याच्या राळेपासून उपदंशावर औषध केले जाई. हे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते. त्यातच नैसर्गिक तेलकट राळ असल्याने घर्षण सोसते. जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या आधारात फिरतो, ते आधारही याच लाकडाचे करत.

मुठीत मावणार नाही एवढा, पण एका हातात धरता येईल असा जड, टणक गोळा हवा, तर त्या काळी याहून चांगला माल नव्हता. कातारी ते लाकूड लेथवर धरून गोळा कातत, मग घासून-पुसून त्यावर चकाकी चढवत. दोन्ही बाजूंना हाडाच्या किंवा हस्तिदंती चकत्या बसवून त्यावर मालकाची आद्याक्षरे कोरत. जुन्या वस्तूंच्या बाजारात आज जे लाकडी गोळे जोडीने विकले जातात, ते याच काळातले.

राजाने बंदी घातलेला खेळ?

होय. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बोल्सचे मैदान १२९९ पासून वापरात असल्याचे सांगितले जाते. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर, शिकाऊ कामगार यांना हा खेळ खेळण्यास मनाई केली. सवलत फक्त नाताळात, तीही मालकाच्या घरी आणि त्याच्या देखत. मोठे जमीनदार मात्र परवाना काढून स्वतःच्या आवारात खेळू शकत. हा कायदा १८४५ मध्ये रद्द झाला. त्याच सुमारास खेळ सामान्यांच्या आवाक्यात येण्यास आणखी एक कारण घडले. १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र आले आणि सपाट हिरवळ राखणे सोपे झाले.

यानंतरची सूत्रे स्कॉटलंडकडे गेली. १८४८-४९ च्या सुमारास ग्लासगोचे वकील डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेल यांनी खेळाचे नियम लिहून काढले. म्हणजे यंदाची राष्ट्रकुल स्पर्धा आधुनिक लॉन बोल्सच्या माहेरीच होत आहे. १९०३ मध्ये इंग्लंडची बोल्स संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते क्रिकेटचे महर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस. ब्रिटिश जिथे गेले तिथे हा खेळ गेला. १९३० च्या पहिल्या स्पर्धेपासून, १९६६ चा अपवाद वगळता, तो प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत खेळला गेला आहे.

मग लाकूड का गेले?

त्यामागे दोन कारणे होती. एक मालाचे, दुसरे शिक्क्याचे.

मालाचे कारण सरळ आहे. लाकूड कितीही टणक असले तरी कोरड्या हवेत आकसते, दमट हवेत फुगते, उन्हात तडकते. आकारात केसभर फरक पडला की गोळ्याचे वळण बदलते. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात ही अडचण अधिक जाणवे. मेलबर्नच्या हेन्सेल यांनी १९१८ मध्ये कडक रबराचा गोळा बनवला आणि पुढे १९३० च्या सुमारास कृत्रिम राळेचा. साच्यातून निघालेले हे गोळे एकसारखे होते, हवेने बदलत नव्हते आणि त्यांना दूरवरून येणाऱ्या लाकडाची गरज नव्हती.

शिक्क्याचे कारण त्याआधीचे आहे. प्रत्येकाचा गोळा वेगवेगळा वळू लागला तर स्पर्धा घ्यायची कशी? ग्लासगोच्या टेलर या १७९६ पासूनच्या पेढीने १८७१ मध्ये ठरावीक वळणाचा गोळा घडवणारे यंत्र बनवले. पुढे चाचणीच्या टेबलावर नमुन्याच्या गोळ्याशी तुलना करून, किमान वळण भरले तरच गोळ्यावर शिक्का मारण्याची पद्धत रुळली. गावातल्या कोणत्याही कातकाम करणाऱ्याने गोळा करून द्यावा, हे दिवस तिथेच सरले. आजही आंतरराष्ट्रीय सामन्यात जागतिक संघटनेचा शिक्का असलेलेच गोळे चालतात आणि ते बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. ग्लासगोची टेलर, लिव्हरपूलची ड्रेक्स प्राइड, ऑस्ट्रेलियाच्या हेन्सेलाइट आणि एरो ही त्यातली प्रमुख नावे.

लक्षात घेण्याची बाब म्हणजे, नियमांनी लाकूड अजूनही बाद केलेले नाही. ग्वायकमच्या झाडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली तीही बरीच नंतर. दोन जातींपैकी एकीवर १९७५ मध्ये, दुसरीवर १९९२ मध्ये. तोवर लाकडी गोळा मैदानावरून दिसेनासा होत आला होता. कारखाना आधी आला, बंधने नंतर.

जुना लाकडी गोळा हाती आला तर?

ब्रिटिश काळातील क्लब, बंगले यांच्या सामानाच्या लिलावात असे गोळे अधूनमधून दिसतात. पोलो किंवा क्रोकेचा चेंडू समजून त्यांची विक्री होते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सपाट फरशीवर तो हळू सोडून पाहावा. थांबता थांबता एका बाजूला वळला तर तो बोल्सचा. वजनदार असूनही हिरवट-तपकिरी, तेलकट चमक असेल तर लाकूड लिग्नम व्हिटेचे असण्याची शक्यता मोठी.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चकत्या हस्तिदंती असतील तर त्यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ऑनलाइन जाहिरात टाकण्याआधी हे माहीत असलेले बरे.

भारतात हा खेळ कुठे आहे?

कोलकात्यातील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबसारख्या जुन्या संस्थांत तो पूर्वीपासून होता. क्लबच्या कुंपणाबाहेर तो आला तो २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने. त्यासाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या संकुलात मैदान तयार झाले. २०११ च्या झारखंडमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याचा समावेश झाला आणि रांचीजवळ नामकुम येथे मैदान झाले. पुढचे यश याच पायावर उभे राहिले.

२ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्ण जिंकले. त्याआधी उपांत्य फेरीत त्यांनी न्यूझीलंडला १६-१३ असे नमवले होते. या खेळात भारताचे हे पहिलेच राष्ट्रकुल पदक. चार दिवसांनी सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदन कुमार सिंग आणि दिनेश कुमार यांच्या पुरुष संघाने रौप्य मिळवले. पुढे नयनमोनी आणि पिंकी यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

या चौघींची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. लव्हली धावपटू होत्या, नयनमोनी वेटलिफ्टर, रूपा राणी कबड्डीपटू, पिंकी क्रिकेट खेळत. लव्हली आणि नयनमोनी यांना दुखापतीमुळे पहिला खेळ सोडावा लागला. सुवर्ण जिंकले तेव्हा चौघींनीही तिशी ओलांडली होती. एक पोलीस दलात, एक जिल्हा क्रीडा अधिकारी, एक शाळेत क्रीडाशिक्षिका, अशा नोकऱ्या सांभाळून त्या खेळत होत्या.

२०३० साठी अडचण कोणती?

पहिली अडचण मैदानांची. गवताचे मैदान टेबलासारखे सपाट लागते, रोज कापावे, दाबावे, शिंपावे लागते. दुसरी गोळ्यांची. शिक्क्याचे गोळे परदेशातून आणावे लागतात, आणि खेळाडूच्या हाताच्या मापाप्रमाणे ते वेगवेगळ्या आकारांत लागतात. तिसरी अडचण मान्यतेची. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेतही नाही. पदकाच्या आशेवर निधी देणाऱ्या व्यवस्थेत तो चार वर्षांतून एकदाच दिसतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राज्याची एकूण क्रीडाशक्ती वादातीत आहे. २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून पहिला आला. लॉन बोल्समधील भारताच्या यशाचा पत्ता मात्र रांची, दिल्ली आणि आसाम असाच आहे. ज्या राज्याने आधी मैदान केले, त्याचे खेळाडू पुढे गेले, एवढे साधे हे गणित आहे.

मिरजेचे कारागीर हे गोळे बनवू शकतील?

हा प्रश्न सुचणे साहजिक आहे, पण उत्तर शिक्क्यात अडकते. मिरजेत शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तंतुवाद्यांची परंपरा आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून सतार, तंबोरा घडतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

दोन्हीकडे शिक्काच आहे, पण त्यांचा अर्थ उलटा आहे. बोल्सचा शिक्का सांगतो, हा गोळा जगातल्या कोणत्याही मान्य गोळ्याइतकाच वळतो. तो कुणी, कुठे बनवला हे गौण. मिरजेचे मानांकन सांगते, ही वस्तू इथलीच, या हातांची. पहिल्या शिक्क्याने काम कारागिराकडून कारखान्याकडे नेले. दुसरा शिक्का काम कारागिराकडे राहावे म्हणून आहे. तंबोऱ्यालाही साच्यातला स्पर्धक आहेच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरील ॲप अनेक रियाजाच्या खोल्यांत पोहोचले आहेत. तरी गवयाला आपल्या स्वराला जुळणारी जवारी लागते आणि ती कानाने काढावी लागते, म्हणून मिरजेची पेठ टिकून आहे. खेळात अशी सूट नसते. दोघांचे गोळे एकाच मापाने तपासलेले नसतील तर सामना न्याय्य होत नाही.

लाकडी गोळ्यांच्या इतिहासातून मिरजेने घ्यायचा धडा हाच आहे. वस्तूचे मोल ठरवणारी कसोटी कुणाच्या हाती आहे, यावर धंद्याचे भवितव्य ठरते. जवारीची कसोटी अजून कारागीर आणि गवई यांच्यातच आहे. नुसत्या मानांकनाच्या कागदावर न थांबता ती कसोटी, म्हणजे ऐकणारा कान आणि शिकणारा हात, पुढच्या पिढीत राहील हे पाहणे अधिक गरजेचे आहे.

मग सांगली-मिरजेसाठी संधी कुठे?

संधी खेळाडूंमध्ये आहे. हा पट्टा मल्लांचा, वेटलिफ्टरांचा, कबड्डी-खो-खोपटूंचा. बर्मिंगहॅममध्ये भारताचे पहिले पदक, ५५ किलो गटातील रौप्य, सांगलीच्या संकेत सरगरने उचलले आणि तेही कोपराच्या दुखापतीसह. ताकदीच्या खेळात पंचविशीच्या आत गुडघा, खांदा, पाठ गेलेले किती तरी खेळाडू या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे शिस्त असते, सामन्याचे दडपण सोसण्याची सवय असते. नसतो तो पुढचा रस्ता. लॉन बोल्स हा तिशीनंतरही सुवर्ण देणारा खेळ आहे, हे चौघींनी दाखवून दिले. दिव्यांगांसाठीचा पॅरा बोल्सही राष्ट्रकुल स्पर्धेत आहे. दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंचाही त्यात स्वतंत्र गट असतो.

गवताच्या मैदानाची अट मात्र येथे परवडणारी नाही. एकीकडे कृष्णेचा पूर, दुसरीकडे जत-आटपाडीचा दुष्काळ असलेल्या जिल्ह्यात रोज पाणी पिणारी हिरवळ राखा, असे सांगणेही अवघड आहे. त्यावर उत्तर ग्लासगोनेच दिले आहे. यंदा तिथे बोल्सचे सामने बंदिस्त सभागृहात, कृत्रिम पृष्ठभागावर होणार आहेत. याहून स्वस्त प्रकारही आहे. ‘शॉर्ट मॅट बोल्स’ हा खेळ सुमारे १२ ते १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद गालिच्यावर खेळतात. एखादे जिल्हा क्रीडा संकुल, शाळेचे सभागृह, मंगल कार्यालयही त्याला पुरते. सामना संपला की गालिचा गुंडाळून ठेवता येतो.

अहमदाबादला चार वर्षे आहेत. एवढ्या काळात सांगलीतून भारतीय संघाचा खेळाडू तयार होईलच असे नाही. पण दोन गालिचे, शिक्क्याच्या गोळ्यांचे काही संच आणि रांचीहून बोलावलेला एक प्रशिक्षक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कुस्ती राष्ट्रकुल स्पर्धेत परत यावी, ही मागणी रास्तच आहे आणि ती लावून धरायला हवी. तोवर आखाड्यातून लवकर बाहेर पडावे लागलेल्यांसाठी हा दुसरा रस्ता खुला करता येईल का, याचे उत्तर जिल्हा क्रीडा कार्यालय, क्रीडा संघटना आणि राज्याच्या क्रीडा विभागाने द्यायचे आहे.